चुलीची सुट्टी

रोडग्यांसाठी गोवऱ्या निवडताना काका प्रत्येक गोवरी हातात घेऊन बोटाने वाजवून पाहतात. खणखणीत वाजली की ढिगावर, भद्द वाजली की बाजूला. भद्द आवाजाची गोवरी आतून ओली असते. ती पेटत नाही, नुसती धुपते, आणि तो धूर कणकेत शिरला की वरून कितीही तूप ओता, रोडगा कडवटच लागतो. पूर्वी गोवऱ्या घरच्या गोठ्यातल्याच असायच्या. कोणता थर कधी थापला हे घरात ठाऊक असायचं. आता वखर-डवरा ट्रॅक्टरमागे गेला, गोठ्यात एखादी गाय उरली आणि गोवऱ्या पोत्याच्या भावाने विकत आणाव्या लागतात. म्हणून ही परीक्षा.

निमित्त मोठ्या आईच्या पंचाहत्तरीचं होतं. जागा दर्यापूर तालुक्यातलं आमचं शेत. तूर नुकतीच निघालेली, कुटाराचा ढीग धुऱ्याजवळ, आणि एका बाजूला कडुलिंबाची मोठी सावली. निम्मं घर अकोल्याला, निम्मं अमरावतीला, दोनचार माणसं पुण्याहून आलेली. आदल्या रात्री मुलांनी अमरावतीच्या एका मोठ्या हॉटेलात सगळ्यांना जेवू घातलं होतं. जेवण उत्तम होतं, वाढणारी पोरं अदबीची होती, केकही झाला. मी मात्र मोठ्या आईकडे पाहत होतो. कुणाचं ताट रिकामं झालं की ती ते आपल्याकडे ओढायची, चमचे एकात गोळा करायची, सांडलेला रस्सा कागदी रुमालाने टिपायची. वाढणारा मुलगा दोनदा येऊन म्हणाला, "आजी, राहू द्या, मी घेतो." तिला पटत होतं, पण पन्नास वर्षांची सवय लागलेले हात ऐकत नव्हते.

अमरावती-अकोला हा रस्ता आता देखणा झाला आहे. जून 2022 मध्ये याच राष्ट्रीय महामार्गावर 75 किलोमीटरचा डांबरी पट्टा 105 तास 33 मिनिटांत सलग टाकून गिनीज विक्रम झाला होता. चांगल्या रस्त्यालगत हॉटेलंही चांगली येतात. वाढदिवस, साखरपुडा, नोकरीचा पहिला पगार, सगळं तिथे साजरं होतं. त्यात मला वावगं काही दिसत नाही. घरच्या बाईला एक दिवस तरी चुलीपुढे उभं राहावं लागू नये, ही त्यामागची इच्छा चांगलीच आहे. मला एवढंच सांगायचं आहे की वऱ्हाडाने ही सोय फार पूर्वी करून ठेवली आहे. ती सोय म्हणजे रोडग्याचा स्वयंपाक. या दिवशी घरातली चूल पेटत नाही, विस्तव शेतात किंवा देवळाच्या आवारात असतो, आणि त्याच्यापुढे पुरुष बसतात.

कणीक मळायला आमचे अकोल्याचे भाऊजी. बँकेतून निवृत्त झालेला, एरवी घरात चहाही न करणारा माणूस, पण रोडग्याची कणीक दुसऱ्या कुणाला मळू देत नाही. गहू जाडसर दळून आणलेला असतो. बोटात घेतला तर रवाळ लागला पाहिजे. जुन्या लोकांना यासाठी कोरडवाहू बन्सी गहू हवा असायचा. हल्ली लोकवनच मिळतो. चार वाट्या कणकेला एक वाटी मक्याचं पीठ हे आमच्या घरचं माप. मक्यात गव्हासारखा चिवटपणा नसतो, त्यामुळे रोडगा हातात दाबला की मोडतो, रबरासारखा ताणत नाही. मीठ, हातावर चोळलेला ओवा, थोडी हळद, थोडी सोप. किलोला अंदाजे शंभर ग्रॅम तेल, आणि हे तेल पाण्याच्या आधी. दोन्ही तळव्यांत पीठ घेऊन भाऊजी ते तेल बराच वेळ चोळत राहतात. मूठ वळली आणि पिठाचा मुटका तसाच राहिला की मगच पाण्याचा तांब्या जवळ घेतात. पाणी अगदी बेताचं. ही कणीक पोळीच्या कणकेपेक्षा पुष्कळ घट्ट, मनगटाची परीक्षा घेणारी.

माळव्याची बाटी हा भरीव गोळा असतो आणि खानदेशातली बट्टी आधी उकडून मग तळतात. आमचा रोडगा थरांचा. एका रोडग्यासाठी तीन गोळ्या लागतात: लिंबाएवढी, तिच्याहून मोठी, आणि सगळ्यांत मोठी. लहान गोळीची पुरीएवढी पारी लाटायची, तिला तेल लावायचं, वर चिमूटभर कोरडं पीठ भुरभुरायचं आणि कडा गोळा करून तिचा पुन्हा गोळा करायचा. हा गोळा दुसऱ्या पारीत ठेवायचा. त्या पारीला आतून तेल-पीठ, कडा वर ओढून तोंड बंद. मग हे सगळं तिसऱ्या, मोठ्या पारीत. कांद्यासारखे पदर एकावर एक चढत जातात. शेवटचं तोंड चिमटीने पिळून बंद करणं हे खरं कसब. सैल राहिलं तर विस्तवात रोडगा उकलतो आणि राख पदरात शिरते. जास्त पिळलं तर तिथे कणकेची गाठ होते, ती कच्ची राहते. भाऊजी अंगठा आणि दोन बोटांनी कडा धरतात, गोळा दुसऱ्या हातात अर्धा फिरवतात आणि वर आलेलं शेंडीचं पीठ तोडून परत परातीत टाकतात. त्यांच्या शेजारी बसून मी तेच करत होतो. माझ्या रोडग्यांची तोंडं ते एकदा बोटाने चाचपून पाहत आणि काही न बोलता ताटात ठेवत. न बोलणं म्हणजे जमलं.

इकडे काकांचं जगरं तयार होत होतं. जमीन साफ करून गोवऱ्या उभ्या-आडव्या रचायच्या, मधे हवा खेळायला जागा ठेवायची आणि खालून तुऱ्हाट्या-पऱ्हाट्या सरकवून पेटवायचं. तुरीची आणि कपाशीची वाळलेली झाडं हे वऱ्हाडातलं हुकमी सरपण. भडकन पेटतं आणि गोवरीला आग देऊन संपतं. पहिला अर्धा तास नुसता धूर. आमच्या पुण्याच्या पुतण्याला घाई झाली होती. त्याने दोन रोडगे उचलले तसे काका म्हणाले, "धूर हाय तोवर काही टाकू नको गा. कडू होते. बस थोडा."

धूर विरला, ज्वाळा बसली, गोवऱ्या आतून लाल आणि वरून पांढुरक्या झाल्या. काकांनी लांब काठीने ढीग पसरला. मग तळहात जगऱ्यावर वीतभर उंच धरला आणि मनात काहीतरी मोजलं. हात लगेच मागे घ्यावा लागला तर अजून वेळ आहे. थोडा वेळ धरवला तर टाका. लाकडाचा निखारा रोडग्याची साल करपवतो आणि आत कणीक तशीच राहते. गोवरीची आग मंद असते, शिवाय तिची राख भरपूर पडते आणि ती राखच उष्णता धरून ठेवते. रोडगा आधी उघड्या विस्तवावर सगळ्या बाजूंनी फिरवून घेतात. साल कडक झाली, तिच्यावर तपकिरी डाग आले की त्याला फुफाट्यात पुरायचं आणि वरून निखाऱ्यांचा थर ओढायचा. त्यानंतर साधारण पाऊण तास त्याला हात लावायचा नसतो. खालून, वरून, बाजूंनी सारखी धग लागते आणि तीन पदरांच्या आतला लिंबाएवढा गोळाही शिजतो.

हल्ली मोठ्या हॉटेलांत आणि लग्नाच्या लॉनवरही रोडगे मिळतात. काही ठिकाणी ते भट्टीत किंवा ओव्हनमध्ये भाजलेले असतात. रंग सुरेख येतो, आकार एकसारखा असतो, पण पदर कोरडे पडतात. राखेत पुरलेल्या रोडग्याची वाफ त्याच्याभोवतीच कोंडून राहते, म्हणून तो आतून मऊ राहतो. ज्यांना रोडगे विकायचे आहेत त्यांनी मागच्या आवारात जगरं पेटवावं आणि तेवढा वेळ गिऱ्हाइकाकडे मागावा, असं मला मनापासून वाटतं. गिऱ्हाईक थांबेल.

वरणाचं वेगळंच. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. अकोला, अमरावती आणि बुलडाण्यातून पूर्णेच्या दोन्ही अंगांनी हा पट्टा जातो. विहिरीचं पाणी खारट आणि जड. त्यात तुरीची डाळ तासभर उकळली तरी दाणा मऊ पडत नाही. म्हणून शेतात जेवण असलं की गोड्या पाण्याच्या कॅन गाडीतून येतात, तांदूळ-डाळीच्या आधी त्यांची मोजदाद होते. डाळ मात्र अकोल्याच्या मिलची. वरणात हळद, हिंग, मीठ आणि शेवटी गुळाचा खडा.

वांग्याच्या भाजीचा गंज पुतण्याच्या ताब्यात होता. काटेरी वांगी देठासकट चिरलेली, भाजलेले शेंगदाणे, खोबरं, खसखस आणि लाल मिरचीचं वाटण, तेल सढळ हाताचं, आणि उतरवताना मूठभर सांबार, म्हणजे कोथिंबीर. हे वाटण दरवेळी आदल्या रात्री बायका करतात. मला ते खटकत आलं आहे. ज्या दिवशी त्यांना सुट्टी द्यायची त्याच्या आदल्या रात्री त्यांना बारापर्यंत जागवायचं, ही अर्धीच सुट्टी झाली. या खेपेला पुतण्याने स्वतः शेंगदाणे भाजले, मिक्सर चालवला आणि वाटण डब्यात भरून आणलं. भाजी थोडी तिखट झाली, आणि सगळ्यांनी ती दोनदा घेतली.

रोडगा नवसाचा पदार्थ आहे हे साऱ्या महाराष्ट्राला एकनाथांच्या भवानीआईच्या भारुडामुळे ठाऊक आहे. सासरच्या एकेका माणसापासून सुटका व्हावी म्हणून त्यातली सून देवीला रोडगा कबूल करते. नाथांना त्यातून परमार्थ सांगायचा होता, पण ऐकणाऱ्या बायकांना आपलं घर दिसत असणारच. वऱ्हाडात नवस फिटतो तो बहुतेक महादेवापुढे, मारुतीपुढे किंवा बहिरमला. चांदूर बाजार तालुक्यात, परतवाडा-बैतूल रस्त्यावर सातपुड्याच्या पायथ्याशी बहिरमबुवाचं ठाणं आहे. शेंदूर-लोण्याने मढलेली भली मोठी मूर्ती, आणि डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारी संपेपर्यंत चालणारी यात्रा. घरंच्या घरं तिथे राहुट्या टाकून राहतात. मातीच्या हंडीतलं मटण आणि रोडगे हे यात्रेचं जेवण. नवसाला मुकं जनावर कापू नये हे गाडगेबाबांनी याच मुलखातल्या यात्रांमधून आयुष्यभर सांगितलं. स्वतःच्या मुलीच्या बारशालाही त्यांनी मटण-दारूची रीत मोडून गोड जेवण घातलं होतं. आमच्या घरात रोडग्याबरोबर वांगंच असतं, ते त्यांच्या कीर्तनाला बसलेल्या आजोबांमुळे.

"काढा आता," काका म्हणाले. काठीने वरची राख बाजूला केली. पहिला रोडगा उचलून त्यांनी दोन हातांत झेलत वाजवला; पोकळ आवाज आला, आणि सालीला एक बारीक भेगही पडली होती. सगळे रोडगे स्वच्छ गोणपाटात ओतले. दोघांनी चार टोकं धरली आणि झोळी हलवत रोडगे घोळले. राख उडाली, उरलेली फडक्याने पुसली. मग प्रत्येक रोडगा मुठीत दाबून फोडायचा आणि पातळ तुपात बुडवायचा. फुटताना पदर सुटे होतात आणि ओव्याचा वास वर येतो. तूप त्या पदरांतून आत उतरतं.

पहिली पंगत बायकांची. ही आमच्याकडची जुनी पद्धत, पंचाहत्तरीसाठी मुद्दाम केलेली नव्हे. कडुलिंबाखाली सतरंज्या, पळसाच्या पत्रावळी, पत्रावळीच्या कोपऱ्यात ठेचा आणि गुळाचा खडा. वाढायला घरातले सगळे पुरुष, अगदी चौथीतला मुलगासुद्धा पाण्याचा जग घेऊन. मोठ्या आईने रोडगा कुस्करला, मधे आळं केलं, वरण ओतून घेतलं. काका तुपाची वाटी घेऊन आले तसा तिने पत्रावळीवर हात आडवा धरला.

"पुरे गा भाऊ, कोलेस्ट्रॉल हाय मले."

"आज नसते ते," काका म्हणाले आणि बोटांच्या फटीतून धार सोडली.

ती निवांत जेवली. मधेच सुनेला काहीतरी विचारलं, बहिणीशी दर्यापूरच्या बाजाराचं बोलली, वांग्याला मीठ थोडं कमी आहे असं सांगितलं, आणि ते मीठ आणायला उठली नाही. "वाढ ना व्हो," असं ती भाऊजींना हक्काने म्हणत होती, जावयाला एरवी असं कुणी म्हणत नाही. जेवण संपल्यावर तिने पत्रावळ दुमडली आणि तिथेच ठेवली. आमच्या पुतण्याने ती उचलून खताच्या खड्ड्यात टाकली.

पुरुषांची पंगत उठेपर्यंत चार वाजले. उरलेले रोडगे दोन डब्यांत भरले, एक अकोल्याला, एक अमरावतीला. रोडगा थंडीत दोन दिवस सहज टिकतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा चुरा करून गूळ-तुपात परतला की लाडूची गरज पडत नाही. पुण्याच्या मंडळींनी आपला वाटा वेगळा मागून घेतला. गाडीत बसण्याआधी पुतण्या काकांकडे गेला आणि त्याने गोवरी वाजवून दाखवायला सांगितली. काकांनी बाजूला टाकलेल्यांपैकी एक आणि पोत्यातली एक अशा दोन त्याच्या हातात दिल्या, आणि तो बराच वेळ आळीपाळीने त्या वाजवत उभा राहिला.