पाळक घडतो घरभेटीत

सेमिनरीतला उपदेशाचा सराववर्ग एकदा बघावा असा असतो. एकजण पुढे उभा राहून संदेश देतो, सोबती वह्या उघडून बसतात आणि प्राध्यापकांचं अर्धं लक्ष घड्याळाकडे. मी बसलो त्या दिवशी करिंथकरांस पत्रातला उतारा होता. संदेश संपताच चिरफाड सुरू झाली. तीन मुद्दे सांगतो म्हणालास, मांडलेस दोनच. आवाज शेवटी पडतो. डोळे कागदावरून उठत नाहीत. मग एका मुलीनं विचारलं, "हे ऐकून माझी आजी सोमवारी काय करेल?" त्याला उत्तर सुचलं नाही. माझ्या मते त्या तासातलं खरं शिक्षण तेवढंच.

पाळक होण्यासाठीचा सेरामपूर कॉलेजच्या सिनेटचा बी.डी.चा अभ्यासक्रम काही वर्षांचा आणि दमवणारा आहे. हिब्रू, ग्रीक, मंडळीचा इतिहास, इतर धर्मांचा अभ्यास, समुपदेशन. ज्या सेरामपुरात 1818 मध्ये कॉलेज उभं राहिलं, तिथूनच विल्यम केरीनं 1805 मध्ये मराठीचं व्याकरण छापलं होतं. आज मात्र देशभरातली मुलं एका वर्गात असल्यानं शिकवणं बहुधा इंग्रजीतून चालतं. आठवडाभर इंग्रजीत टिपणं काढणाऱ्या मुलाला रविवारी मराठीत उभं राहायचं असतं. पुस्तकी वाक्यं तोंडात अडकतात आणि मागच्या बाकावरची पोरं हसतात.

रविवारच्या उपासनेनंतर मी अशाच एका विद्यार्थ्याबरोबर घरभेटींना गेलो. सोबत मंडळीचे पाळकसाहेब होते. पहिल्या घरी पंधरवड्यापूर्वी मयत झालेली. विद्यार्थ्यानं बसल्या बसल्या बायबल उघडलं, बहुधा तेविसावं स्तोत्र काढायला. पाळकसाहेबांनी नुसतं "थांब" म्हटलं. मग बराच वेळ घरातल्या बाईच बोलत राहिल्या. शेवटच्या रात्री दवाखान्यात कोण होतं, कोण आलंच नाही, डिपॉझिटचे पैसे कुणाकडून घेतले. चहा आला, निवला. सगळं बोलून झाल्यावर त्या स्वतःच म्हणाल्या, "आता प्रार्थना करा." मुलाची प्रार्थना चार वाक्यांची झाली, आणि त्यात दवाखान्यातली ती रात्र होती. सकाळच्या त्याच्या उपदेशापेक्षा ती मला कितीतरी सरस वाटली.

बाकीचं काम कुणी हौसेनं शिकत नाही. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदवह्या भरायच्या. 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार लग्न सर्वसाधारणपणे सकाळी सहा ते संध्याकाळी सात या वेळेतच लावायचं. वरात रेंगाळली की घामाघूम होतो तो पाळक. शिवाय वर्गणीचे हिशेब, दफनभूमीतल्या जागेचे वाद, कमिटीतले दोन गट. दीक्षेच्या दिवशी बिशप डोक्यावर हात ठेवतात, पण या भांडणांत कुणाच्या बाजूनं न बोलायचं कसं, ते कुठल्याच पेपरात नसतं.

एक उणीव मात्र मला खटकते, भजन-कीर्तनाच्या शिक्षणाची. रेव्हरंड ना. वा. टिळक अहमदनगरच्या सेमिनरीत शिकवत होते आणि मराठी मंडळी आजही त्यांची भजनं गाते. उपदेशाच्या वर्गाला जेवढे तास मिळतात, त्याच्या चतुर्थांश तरी भजन-कीर्तनाला मिळायला हवेत. खेड्यातल्या मंडळीत पेटी आणि टाळ हाती घेता येणारा पाळक लवकर आपला होतो.

सेमिनरीतला विद्यार्थी तुमच्या मंडळीत आला, तर त्याला नुसता शास्त्रपाठ वाचायला उभं करू नका. दवाखान्यात, दफनभूमीत, कमिटीच्या बैठकीला सोबत न्या. आणि त्याचा उपदेश कळला नाही, तर ते पाळकसाहेबांच्या कानात सांगू नका. दारात गाठून त्यालाच सांगा.