डायनोवरचे घोडे
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मोटारीची हौस असलेल्या तरुणांच्या घोळक्यात पाच मिनिटे उभे राहा. एक प्रश्न हमखास कानावर येईल, ‘किती घोडे?’ उत्तरही तयार असते. चारशे दहा. चारशे साठ. हे उत्तर कागदावर छापून मिळते आणि तो कागद देणाऱ्या यंत्राचे नाव डायनामोमीटर. बोलताना सगळे त्याला डायनोच म्हणतात. स्पोर्ट्स कार घ्यायची, तिला मोठा टर्बो आणि मोकळा सायलेन्सर बसवायचा, तिच्या संगणकातला इंधनाचा हिशेब बदलायचा आणि मग डायनोवर चढवून घोडे मोजायचे, हा अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया आणि आखाती देशांतला मोठा धंदा आहे. एका गॅरेजचा चारशे दहावाला आणि दुसऱ्या गॅरेजचा चारशे साठवाला भेटले, की वाद पेटतो.

आपल्याकडच्या ऊस उत्पादकाला हा वाद समजावून सांगावा लागणार नाही. कारखान्याच्या काट्यावर ट्रॉली चढवण्याआधी तो बाहेरच्या काट्यावर वजन करून घेतो, ते उगाच नव्हे. पण उसाच्या बाबतीत निदान किलो तरी सगळीकडे एकच असतो. इथे घोडासुद्धा एक नाही. जेम्स वॉटने अठराव्या शतकाच्या अखेरीस ठरवलेला इंग्रजी घोडा एका मिनिटात ३३ हजार पौंड वजन एक फूट उचलतो. युरोपातला मेट्रिक घोडा एका सेकंदात ७५ किलो एक मीटर उचलतो. पहिला ७४६ वॉटचा, दुसरा साधारण ७३५ वॉटचा. जपानी कंपन्यांनी १९८९ पासून २००४ पर्यंत आपसांत ठरवून घेतले होते, की २८० मेट्रिक घोड्यांच्या पुढे जाहिरात करायची नाही. इंग्रजी घोड्यांत ते २७६ होतात. गंमत अशी, की निसानच्या स्कायलाइन जीटी-आरसारख्या गाड्यांत प्रत्यक्षात याहून जास्त ताकद असायची. वय कमी सांगणारे मी पुष्कळ पाहिले. घोडे कमी सांगणाऱ्या कंपन्या मात्र तेवढ्याच.

अमेरिकेत नेमके उलटे चालले होते. १९७१ पर्यंत तिथे इंजिन गाडीतून काढून, पंखा, एअर फिल्टर, सायलेन्सर असली जोखडे न लावता मोजत आणि तो आकडा छापत. १९७२ पासून ही सगळी साधने जोडून मोजायची पद्धत आली. शेव्हरले कॉर्व्हेटचे ४५४ घन इंचांचे एक इंजिन एका वर्षात ३६५ वरून २७० वर आले. इंजिन फारसे बदलले नव्हते, मोजायची रीत बदलली होती.

आता यंत्राकडे वळू. डायनो ताकद थेट मोजत नाही. तो मोजतो पीळ, म्हणजे टॉर्क, आणि फेरे. त्यांच्या गुणाकारातून ताकद काढतो. १८२१ साली गास्पार द प्रोनी या फ्रेंच अभियंत्याने फिरत्या दांड्याला लाकडी चिमटा आवळून, त्याच्या लांब दांडीला वजने लावून हेच केले होते. आजच्या गॅरेजमधला डायनो जमिनीत बसवलेल्या रुळांचा असतो. गाडी पट्ट्यांनी बांधून तिची चाके रुळांवर ठेवायची आणि जागच्या जागी पळवायची.

यात दोन जाती आहेत. पहिलीत नुसता जड रूळ असतो. त्याचे जडत्व यंत्राला ठाऊक असते; गाडी तो किती झपाट्याने फिरवते यावरून ताकद निघते. अमेरिकेत डायनोजेट या नावाची अशी यंत्रे फार पसरलेली आहेत. दुसऱ्या जातीत रुळाला विद्युतचुंबकीय ब्रेक असतो. तो गाडीवर रस्त्यासारखा भार टाकतो आणि किती जोराने रोखावे लागले ते मोजतो. मस्टँग डायनामोमीटर या कंपनीची यंत्रे या जातीची. (फोर्डच्या मस्टँगशी तिचा संबंध नाही, नावाने मात्र घोटाळा होतो.) एकच गाडी त्याच दिवशी दोन्हींवर चढवली, तर मस्टँगचा आकडा सहसा डायनोजेटपेक्षा कमी येतो. म्हणून आपली गाडी मस्टँगवर मोजलेला माणूस नेहमी कुरकुरत असतो.

जडत्वाच्या यंत्राची एक खोडही सांगायला हवी. तुम्ही फक्त हलकी चाके बसवलीत, इंजिनाला हातही लावला नाहीत, तरी आकडा वाढतो. कारण जड चाक फिरवण्यात जी ताकद जात होती, ती आता रुळाला मिळते. हा फायदा रस्त्यावरही मिळतो, खोटा नाही. पण तो इंजिनाचा म्हणून विकला जातो.

शिवाय रुळावर येते ती चाकापर्यंत पोचलेली ताकद. गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि टायर वाटेत आपला वाटा घेतात. मग कागदावर इंजिनाचे घोडे कसे छापायचे? १५ टक्के गेले असे धरा आणि वाढवा, असा रिवाज पडला आहे. ३०० घोड्यांच्या इंजिनात ४५ गेले, इथवर ठीक. तेच इंजिन बदल करून ६०० चे केले, तर त्याच गिअरबॉक्सने ९० खाल्ले असे धरायचे? भार वाढला की दात्यांचे घर्षण थोडे वाढते हे खरे. पण तेल घुसळण्यात जाणारी ताकद इंजिन मोठे झाले म्हणून दुप्पट होत नाही. माझे मत विचाराल, तर चाकावरचा आकडा तेवढा मोजलेला, बाकी सगळी बेरीज-वजाबाकी.

सगळ्यात निसरडी जागा हवामानाची आहे. इंजिन हवा खाते. थंड, दाट हवेत ते जास्त ताकद देते. म्हणून मोजलेला आकडा एका ठरावीक हवेत किती झाला असता, असा हिशेब करून छापतात. पण ही ठरावीक हवासुद्धा दोन प्रकारची. अमेरिकन अभियंत्यांच्या एसएई संस्थेची आजची रीत २५ अंश तापमान धरते. जुनी रीत, जिला गॅरेजवाले एसटीडी म्हणतात, ती साधारण साडेपंधरा अंश आणि थोडा जास्त दाब धरते. जुन्या रीतीने आकडा सुमारे ४ टक्के फुगतो. संगणकावर एक पर्याय बदलला, की ४०० चे ४१६ होतात. गाडीला कोणी हातसुद्धा लावलेला नसतो.

माझा भाचा शारजात गाड्यांच्या गॅरेजमध्ये काम करतो. तो मूळचा कोकणातला, बोलतो मात्र टर्बोची भाषा. तो म्हणतो, ‘मामू, गिऱ्हाईक जानेवारीत मोजतं आणि जुलैत भांडायला येतं.’ जुलैत तिथे पारा ४५ च्या आसपास असतो. दुरुस्तीचा हिशेब अशा वेळी अर्धीच मदत करतो. इंजिनाभोवतीची उष्णता, टर्बोची हवा थंड करणाऱ्या जाळीचे तापलेपण, समोर लावलेला पंखा लहान की मोठा, हे त्या सूत्रात बसत नाही.

टर्बोचे दुखणे आणखी वेगळे. अमेरिकेतले डेन्व्हर शहर समुद्रसपाटीपासून १६०० मीटर उंच आहे. तिथली विरळ हवा भरून काढायला एसएईचे सूत्र साध्या इंजिनाचा आकडा वीसेक टक्क्यांनी वाढवते, ते रास्त आहे. पण टर्बो स्वतःच हवा दाबून आत भरतो; उंचीचे बरेचसे नुकसान त्याने आधीच भरून काढलेले असते. त्यालाही तेच सूत्र लावले, तर ३०० घोड्यांचे ३६० होतात. साठ घोडे डोंगरातून उतरून आले म्हणायचे!

मग हे यंत्र निरुपयोगी का? मुळीच नाही. १९९९ साली फोर्डने मस्टँग कोब्रा ३२० घोड्यांची म्हणून बाजारात आणली. आधीची कोब्रा ३०५ ची होती. मालकांच्या लक्षात आले, की नवी गाडी जुनीच्या पुढे जात नाही. त्यांनी गाड्या डायनोवर नेल्या. चाकावरचे आकडे कमी आले आणि एकाच नव्हे, अनेक गाड्यांचे आले. एकेका आकड्यावर वाद घालता आला असता. पण जुनी आणि नवी कोब्रा एकाच जातीच्या रुळावर धावली, की यंत्राची खोड दोघींना सारखीच लागू होते. उरतो तो गाड्यांमधला फरक. ऑगस्ट १९९९ मध्ये फोर्डने विक्री थांबवली आणि विकलेल्या गाड्या परत बोलावल्या. हवा आत नेणाऱ्या मॅनिफोल्डच्या वाटा ओतकामात नीट साफ झाल्या नव्हत्या आणि सायलेन्सरही अडवत होता. मॅनिफोल्ड, संगणकाचा हिशेब आणि सायलेन्सर फुकट बदलून दिले गेले. २००० साली शर्यतीसाठीच्या ३०० गाड्या सोडल्या, तर कोब्रा निघालीच नाही. पुढे माझदाला २००१ च्या मियाटाचा आकडा १५५ वरून १४२ वर आणावा लागला आणि गाडी परत घेण्याची तयारी दाखवावी लागली.

कंपन्यांसाठी २००५ मध्ये एसएईने चाचणीच्या वेळी त्रयस्थ साक्षीदार उभा राहण्याची सोय केली. कॉर्व्हेट झेड०६ चे ५०५ घोडे असे साक्षीने मोजलेले पहिले इंजिन. पुण्याच्या एआरएआयमध्येही चेसिस डायनामोमीटर आहेत, पण तिथे काम मुख्यतः धुराचे आणि इंधनाचे. बदल केलेल्या गाडीला असा साक्षीदार नसतो. टर्बो विकणारा तोच, बसवणारा तोच आणि काटाही त्याचाच.

यात फक्त फुशारकीचा प्रश्न असता, तर मी एवढे बोललो नसतो. आकडा वाढवण्याचा एक मार्ग संगणकात नाही, इंजिनात आहे. टर्बोचा दाब वाढवा, इंधन थोडे कमी करा, ठिणगी थोडी लवकर पाडा. डायनोवरची धाव दहा-पंधरा सेकंदांची. तेवढ्यात इंजिन तग धरते आणि सुंदर आकडा छापून येतो. तीच गाडी महामार्गावर दहा मिनिटे दाबून चालवली, की आत ठोके बसू लागतात आणि पिस्टन वितळतो. लाखोंचे इंजिन जाते. ताशी दोनशेच्या वेगात जाते तेव्हा माणूसही जाऊ शकतो.

भाच्याच्या गॅरेजमध्ये आता एक पद्धत केली आहे. काम करण्याआधी गाडी रुळावर चढवायची आणि कामानंतर पुन्हा चढवायची; तोच गिअर, टायरमध्ये तेवढीच हवा, तोच पंखा, दुरुस्तीची तीच रीत. कागदावर तापमानासकट हे सगळे लिहायचे आणि दुरुस्ती न केलेला आकडाही छापायचा. नुसते शिखर न पाहता तीन हजार फेऱ्यांपासून सात हजारांपर्यंतची रेघ गिऱ्हाइकाला दाखवायची, कारण रस्त्यावर गाडी शिखरावर थोडाच वेळ असते. दोन्ही कागद टाचणी लावून हातात द्यायचे. भाचा सांगतो, काही गिऱ्हाइके बाहेर पडताना टाचणी काढतात, पहिला कागद काउंटरवर ठेवतात आणि दुसरा तेवढा घडी करून खिशात घालतात.