गळ्याचं गाव, गुळणीचं शास्त्र

मिरजेत गळ्याला काय मोल आहे, ते ख्वाजा मीरासाहेबांच्या उरुसात कळतं. दर्ग्यातल्या चिंचेखाली रात्ररात्र गाणं चालतं आणि लांबलांबचे गवई इथे हजेरी लावणं हा मान समजतात. किराणा घराण्याचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ याच दर्ग्यात चिरनिद्रा घेत आहेत. पाँडिचेरीला निघालेल्या खाँसाहेबांनी २७ ऑक्टोबर १९३७ रोजी सिंगपेरुमल कोइल या छोट्या स्टेशनावर देह ठेवला, तो देह मिरजेला आणला गेला. त्यांची कन्या हिराबाई बडोदेकर १९०५ साली मिरजेतच जन्मल्या. त्याही आधी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी इथे रुजवली. दम्याने बेजार झालेल्या बुवांना मुंबईची हवा मानवली नाही, मिरजेची कोरडी हवा मानवली. त्यांच्यापाशी शिकून विष्णु दिगंबर पलुस्कर १८९६ मध्ये इथूनच बाहेर पडले.

याच काळात, १८९४ मध्ये, डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत मिशनचं इस्पितळ उभं केलं. पुढे हे गाव दवाखान्यांचंच झालं. आजही विजापूर, बेळगाव, सोलापूरकडचा पेशंट मिरज स्टेशनावर उतरतो. म्हणजे गळ्यावर पोट असणारे आणि गळा तपासणारे दोघेही इथे शेजारी शेजारी नांदले. तोंड आणि घसा यांच्याविषयी आयुर्वेदात काय म्हटलंय, हे सांगायला मला याहून योग्य गाव दिसत नाही.

आणि घसा जपायची वेळ म्हणजे दिवाळी. ऑक्टोबरच्या उन्हाने पित्त भडकलेलं असतं, त्यावर तळणाचा फराळ, फटाक्यांचा धूर, रात्रीची जागरणं. पाठोपाठ थंडी पडते, साखर कारखान्यांची धुराडी पेटतात आणि सांगली जिल्ह्यात उसाच्या फडांत पाचट जळू लागतं. घसा धरतो, आवाज बसतो, पोरांचे टॉन्सिल सुजतात, मोठ्यांचं तोंड येतं. आयुर्वेदाचार्य वाग्भटाने एका ऋतूचे शेवटचे सात आणि पुढच्याचे पहिले सात दिवस जपायला सांगितले आहेत. या दिवसांत जुन्या सवयी एकदम न तोडता हळूहळू बदलाव्यात, असा त्याचा सल्ला आहे. दिवाळीचं थंडगार सरबत आणि लगोलग गरम चकली, असा मारा घशावर करणाऱ्यांनी तो जरूर ऐकावा.

मुखरोग हा आयुर्वेदात किरकोळ विषय नाही. सुश्रुताने तोंडाचे ६५ रोग मोजले: ओठांचे ८, हिरड्यांचे १५, दातांचे ८, जिभेचे ५, टाळूचे ९, कंठाचे १७ आणि सगळ्या तोंडभर पसरणारे ३. वाग्भटाने ही संख्या ७५ वर नेली. आपण ज्याला टॉन्सिल सुजणं म्हणतो त्याच्याशी जुळणारी तुंडिकेरी यात आहे, लांबलेली पडजीभ म्हणजे गलशुंडिकाही आहे. पडजीभ कापायची कशी, हे सुश्रुत हाताला धरून शिकवल्यासारखं सांगतो. ती अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून ओढावी, जिभेच्या वर घेऊन मंडलाग्र शस्त्राने छेद द्यावा, तिसरा भागच कापावा. जास्त कापली तर रक्तस्रावाने माणूस दगावेल, कमी कापली तर सूज आणि लाळ राहील. आयुर्वेद म्हणजे नुसते काढे, असं समजणाऱ्यांनी हा भाग वाचायला हवा.

पण रोज उपयोगी पडणारी गोष्ट शस्त्राची नाही, गुळणीची आहे. ग्रंथांत तिचे दोन प्रकार आहेत. तोंड इतकं भरायचं की आतला द्रव हलवताच येऊ नये, तो गंडूष. थोडा घेऊन गालांत खुळखुळवायचा, तो कवल. गंडूष किती वेळ धरायचा याचं मापही शरीरातच दिलंय: तोंड कफाने भरून येईपर्यंत, नाकाडोळ्यांतून पाणी वाहू लागेपर्यंत. मग थुंकायचं, गिळायचं नाही. चरकाने तिळाच्या तेलाचा गंडूष नित्यकर्मात घातला आहे. त्याने जबड्याला आणि आवाजाला बळ येतं, घसा कोरडा पडत नाही, ओठ फुटत नाहीत, दात घट्ट राहतात, असं तो म्हणतो. पाच वर्षांखालच्या मुलांना कवल देऊ नये, हेही वाग्भटाने लिहून ठेवलंय. एवढ्या लहान पोराला ठसका लागणार, हे आईला वेगळं सांगायला नको.

घरी आपण मान वर करून मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करतो, त्या याच घरातल्या. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ पुरतं. नुसत्या पाण्याच्या गुळण्यांचीही परीक्षा झाली आहे. जपानमध्ये ३८७ निरोगी लोकांवरचा एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. साध्या पाण्याने नियमित गुळण्या करणाऱ्यांत सर्दी-घशाची दुखणी सुमारे एक तृतीयांशाने कमी दिसली. आयोडीनच्या औषधी गुळण्यांनी मात्र तसा फायदा दिसला नाही. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो, कारण तो गरिबातल्या गरिबाला परवडणारा आहे.

गुळणीनंतर घशाचं दुसरं घरगुती औषध म्हणजे हळद. मिरजेपासून दहा-बारा किलोमीटरवर सांगलीची हळदपेठ आहे. सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद साठवायची जुनी रीत होती. २००५ च्या महापुरात त्या पेवांचं मोठं नुकसान झालं. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जखमेवर हळद लावण्याचं ज्ञान आमचंच, असा दावा अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राने १९९५ मध्ये पेटंट घेऊन केला होता. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने जुने ग्रंथ पुराव्याला ठेवले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं.

घशासाठी हळद वापरताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तिच्यातलं कुरकुमिन पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतं. शिवाय ते आतड्यातून फारसं शोषलं जात नाही. मिऱ्यातल्या पायपरीनसोबत दिलं तर रक्तातलं त्याचं प्रमाण अनेक पटींनी वाढतं, हे बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं. आजीच्या हळद-दुधात तूप आणि मिरपूड पडत होती ती उगीच नव्हे.

गवयांच्या डबीत हमखास सापडणारं औषध म्हणजे ज्येष्ठमध. त्याची काडी दाढेखाली धरून रस हळूहळू घशात उतरू द्यायचा. कंकोळ, लवंग, जायफळ तोंडात धरायला तर चरकानेच सांगितलंय, तोंडाला वास आणि चव यावी म्हणून. ज्येष्ठमधाची कसोटी ऑपरेशन थिएटरात लागली. भुलीसाठी श्वासनलिकेत नळी घातली की नंतर घसा दुखतो. लखनौच्या संजय गांधी संस्थेतल्या भूलतज्ज्ञांनी ४० रुग्णांवर २००९ मध्ये दाखवलं की भूल देण्याच्या पाच मिनिटं आधी ज्येष्ठमधाच्या पाण्याने गुळणी केली तर हे दुखणं बरंच कमी होतं. अभ्यास छोटा, पण काटेकोर. मात्र ज्येष्ठमध रोज, महिनोन्महिने चघळू नये. त्याने रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम घटतं. रक्तदाबाच्या पेशंटने तर दूरच राहावं.

सितोपलादी चूर्ण घराघरांत असतं. त्याचं प्रमाण सुंदर आहे: खडीसाखर सोळा भाग, वंशलोचन आठ, पिंपळी चार, वेलदोडा दोन, दालचिनी एक. तिखट द्रव्यं कमी, गोड जास्त, म्हणून लहान मूलही चाटतं. मधातून द्यावं, पण एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नको. त्यातून बोट्युलिझमचा धोका असतो.

आवाज बसण्याला सुश्रुताने स्वरभेद म्हटलं आणि त्याचे सहा प्रकार केले. वात, पित्त, कफ आणि तिन्ही मिळून असे चार; पाचवा शरीर झिजल्याने, सहावा मेदाने. वाताच्या स्वरभेदात आवाज फाटका, कोरडा होतो, तिथे तूप चालतं. कफाच्यात गळा चिकट, जड होतो. तिथे तूप दिलं तर बिघडेल, सुंठ-मिरी-पिंपळी हवी. सगळ्यांना एकच काढा ही आपली सवय शास्त्राला धरून नाही. आणि गवयाला, शिक्षिकेला, कीर्तनकाराला सगळ्यात मोठं औषध मौनाचं. कुजबुजणं हे मौन नव्हे. दुखऱ्या घशाने जोर लावून कुजबुजलं तर स्वरयंत्रावर आणखी ताण येतो. आवाज तीन आठवड्यांत सुटला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरतंतू तपासून घ्यायचे.

तोंड आलं तर जाईचा पाला चावून थुंकायचा, हा उपाय पश्चिम महाराष्ट्रात सगळीकडे आहे, ग्रंथांतही आहे. त्रिफळ्याचा काढा गार करून तोंडात धरावा. टाकणखाराची लाही मधातून लावतात, ती चिमूटभरच आणि लहान मुलांना अजिबात नको. पण तोंड वारंवार येत असेल तर पोट साफ होतंय का, झोप पुरते का, रक्तात लोह आणि बी-१२ आहे का, हे बघावं लागेल.

आता हद्दीची गोष्ट. बहुतेक घसेदुखी विषाणूंची असते, तिथे प्रतिजैविकांचा उपयोग नाही आणि गुळण्या, विश्रांती, ज्येष्ठमध पुष्कळ काम करतात. पण पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाला खोकला-सर्दी नसताना जोराचा ताप, टॉन्सिलवर पांढरे ठिपके, मानेत दुखऱ्या गाठी असं दिसलं तर घरी थांबू नये. हा स्ट्रेप्टोकोकस असू शकतो. त्यावर उपचार झाले नाहीत तर दोन-तीन आठवड्यांनी सांधे धरू शकतात, हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. पेनिसिलिनने ते टळतं. थुंकी गिळता येत नसेल, तोंड उघडत नसेल, श्वासाला घुरघुर येत असेल तर थेट इस्पितळात.

सुश्रुताने वर्णिलेली रोहिणी म्हणजे घशात मांसासारखी वाढ होऊन श्वास कोंडणारा रोग. त्याने ती प्राण घेणारी म्हटली, आणि आजचे वैद्य तिची तुलना घटसर्पाशी करतात. त्यावर मुळात बचाव लसीचा: बाळाला ६, १०, १४ आठवड्यांना, मग १६ ते २४ महिन्यांत, पाचव्या वर्षी, आणि १० व १६ व्या वर्षी. घरातला काढा चांगला आहे म्हणून यातला एकही डोस चुकवू नये.

शेवटी एक बोलायलाच हवं. सांगली-सातारा भागातल्या कित्येक घरांत बायका अजून दात मिश्रीने घासतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. तिने दात स्वच्छ होत नाहीत, हिरड्या झिजतात आणि कर्करोगाला वाट मिळते. चरकाने करंज, अर्जुन, रुई यांच्या काड्यांचं दातण आणि धातूची जिभली सांगितली. तंबाखू त्याच्या काळी या देशात नव्हतीच. ज्या घरात मिश्रीची डबी आहे तिथे दर महिन्याला आरशासमोर तोंड उघडून गालांची आतली बाजू, जिभेच्या कडा, जिभेखालची जागा उजेडात पाहावी. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेला व्रण, तीन बोटंही न मावण्याइतकं आखडलेलं तोंड, यातलं काहीही दिसलं तर जाईचा पाला चावत बसू नये. दाताच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरला त्याच आठवड्यात दाखवावं.