पेट्रोलची पारख

नांदेड-लातूरच्या पंपावर आपण पेट्रोल घेतो तेव्हा भाव दिसतो. आतील दोष दिसत नाही. म्हणून ही पारख सरकारी नियमांवर सोपवावी लागते. पूर्वी इंजिनाचे ठोके थांबावेत म्हणून पेट्रोलात शिशाचे संयुग मिसळीत. शिशाचा धूर बालकांच्या मेंदूस घातक. म्हणून १ फेब्रुवारी २००० पासून तसले पेट्रोल देशभर बंद झाले. पुढे १ एप्रिल २०२० पासून गंधकाची मर्यादा किलोमागे ५० मिलिग्रॅमवरून १० वर आली. मुंबईतील माहुलच्या तेलशुद्धी कारखान्यांसही ती बंधनकारक आहे. तथापि नियमास जागरूक ग्राहकाची जोड हवी, असे आम्हांस वाटते. विद्यार्थीमित्रहो, संशय आल्यास गाळणकागदावर थेंब टाकून पाहण्याचा व पाच लिटरच्या मापाने मोजून घेण्याचा प्रत्येकास हक्क आहे, हे घरी वडीलधाऱ्यांस अवश्य सांगा.