संगणकसमूहावरील कंटेनर

झाशीच्या छावणीसारख्या कोणत्याही लष्करी ठाण्याच्या फाटकावर पहारा बसवावयाचा असतो, तेव्हा हुकूम एवढाच असतो की, तेथे अहोरात्र अमुक इतके शिपाई असावेत. एखादा शिपाई आजारी पडला, तर त्याच्या जागी दुसरा उभा करणे हे पहाऱ्याच्या नायकाचे काम. माणसे बदलतात; पहारा कायम राहतो. अनेक संगणकांकडून एकत्रितपणे काम करवून घेण्याची आजची पद्धत याच तत्त्वावर आधारलेली आहे.

एकमेकांना जोडून एकाच यंत्राप्रमाणे राबविल्या जाणाऱ्या संगणकांना समूह किंवा ‘क्लस्टर’ असे म्हणतात. अशा समूहापुढे पहिली अडचण उभी राहते ती ही की, एका संगणकावर सुरळीत चालणारी आज्ञावली दुसऱ्यावर चालेलच असे नाही. कारण तिला लागणाऱ्या साहाय्यक फायली तेथे असतीलच याची शाश्वती नसते. जहाजवाहतुकीत १९५६ साली माल्कम मॅक्लीन या अमेरिकन व्यावसायिकाने असाच एक प्रश्न सोडविला होता. माल सुटा न चढविता एकाच मापाच्या पोलादी पेट्यांत भरून पाठविण्याची प्रथा त्याने रूढ केली. न्हावा शेवा बंदरात आज अशाच पेट्यांच्या राशी दिसतात.

संगणकातील कंटेनरही तसाच. आज्ञावली आणि तिच्या साऱ्या साहाय्यक फायली ज्या साच्यात बांधल्या जातात, त्याला ‘इमेज’ म्हणतात. त्या साच्यातून सुरू झालेली चालती प्रत म्हणजे कंटेनर होय. त्याने संगणकातील काय पाहावे व किती स्मृती वापरावी, याच्या मर्यादा लिनक्स प्रणालीचा गाभा ठरवून देतो. २०१३ मध्ये आलेल्या ‘डॉकर’ या साधनाने ही पद्धत सर्वत्र पोहोचविली. पुढच्याच वर्षी गूगलने ‘कुबरनेटिस’ ही प्रणाली सर्वांसाठी खुली केली. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ सुकाणूधारी असा आहे.

या प्रणालीशी व्यवहार करावयाचा तो बहुधा कळफलकावरून, एकेका ओळीच्या आज्ञेने. ‘क्रिएट’ या आज्ञेने साच्याचे नाव देऊन काम नोंदविता येते. ‘गेट’ म्हटले की कोणता कंटेनर कोठे चालू आहे याची यादी मिळते. ‘लॉग्ज’ त्याने केलेल्या नोंदी दाखविते. ‘स्केल’ प्रतींची संख्या बदलते. ‘चार प्रती असाव्यात’ असे एकदा सांगितले की, इष्ट स्थिती आणि प्रत्यक्ष स्थिती यांची तुलना प्रणाली अखंड करीत राहते. एक प्रत बंद पडली, तर नवी सुरू होते. एखादा संपूर्ण संगणकच निकामी झाला, तर सामान्यतः पाच मिनिटे वाट पाहून त्यावरील काम दुसऱ्या संगणकाकडे सोपविले जाते.

नवशिक्याची फसगत होते ती येथेच. नको असलेला कंटेनर तो ‘डिलीट’ने काढून टाकतो आणि क्षणभरात त्याच्या जागी दुसरा हजर होतो. शिपायाला घरी पाठविल्याने पहारा उठत नाही. हुकूमच मागे घ्यावा लागतो. परंतु हुकूम मागे घेणेही तितकेच जोखमीचे आहे. अनेक कामे ज्या एका नामविभागात ठेवलेली असतात, तो विभाग पुसण्याची आज्ञा दिली, तर त्यातील सर्व कामे त्याबरोबर नाहीशी होतात, आणि प्रणाली पुन्हा विचारीत बसत नाही.

दुसरा धोका याहून सूक्ष्म आहे. बदली झालेल्या शिपायाच्या मनातील माहिती त्याच्याबरोबरच जाते. फाटकावरच्या वहीत लिहिलेली तेवढी उरते. कंटेनरच्या पोटात साठविलेली माहितीही त्याच्याबरोबरच नष्ट होते. म्हणून रुग्णांच्या नोंदी असोत वा बँकेचे हिशेब, जपून ठेवावयाची माहिती कंटेनरबाहेरील कायम साठ्यात ठेवणे आणि तिची वेगळी प्रत काढणे अगत्याचे असते. प्रणाली कामाची संख्या राखते. कामातून जमा झालेल्या माहितीची राखण मात्र माणसालाच आधी ठरवून ठेवावी लागते.