मांजराचा रक्तगट आणि परळचा शोध

मंडळी, आमचा जन्म गेला तत्त्वज्ञान शिकवण्यात. तेव्हा मांजराच्या रक्तावर बोलायला आम्ही कसे उभे राहिलो, ते आधी सांगतो. इथे अंबरनाथ एमआयडीसीत आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा छोटा कारखाना आहे. तिथल्या कँटीनमागे मांजरीला चार पिल्लं झाली. पहिल्या दिवशी चुरूचुरू दूध पीत होती. तिसऱ्या दिवसापर्यंत तीन गेली. वॉचमन म्हणाला, बोक्याचं काम. पण अंगावर साधा ओरखडा नव्हता. विद्यार्थ्यानं आम्हाला विचारलं, "सर, आईचं दूध कधी विष होतं का हो?"

त्या पिल्लांची तपासणी काही झाली नाही, त्यामुळे त्यांच्याबद्दल आम्ही निकाल देणार नाही. पण प्रश्नाचं उत्तर आहे: हो, होऊ शकतं. आणि त्याचं कारण रक्तगटात आहे.

मांजरांत मुख्य रक्तगट तीन: ए, बी आणि एबी. अक्षरं आपल्यासारखीच, पण घोटाळा करू नका. माणसाच्या ए-बीशी त्यांचा संबंध नाही. मांजरात ओ गट नाही, म्हणजे कुणालाही चालेल असा रक्तदाताच नाही. माणसात ए आणि बी ही दोन्ही जनुकं आली, की एबी गट होतो. मांजरात ए हे बीवर प्रभावी असतं. दोन्ही आली तर मांजर ए गटाचंच दिसतं, बी आत दडून राहतं. अशी दोन ए गटाची मांजरं जुळली, तर चारात एक पिल्लू बी गटाचं होण्याची शक्यता असते. एबी गटाचं कारण तिसरंच एक जनुकरूप. ते एपुढे दबतं आणि बीला दाबतं. असो.

हा फरक कुठून येतो? तांबड्या पेशीवर साखरेच्या कुळातला एक रेणू असतो. सीएमएएच नावाच्या जनुकापासून बनणारं एन्झाइम त्या रेणूत थोडा बदल करतं. हा बदललेला रेणू म्हणजे ए गटाची खूण. बी गटात ते काम होत नाही, रेणू मूळच्या रूपात राहतो. गंमत अशी, की माणसात हेच जनुक निकामी झालेलं आहे. चिंपांझीत ते चालतं, आपल्यात नाही. तेवढ्यापुरते आपण सगळे बी गटाच्या मांजरांचे भाऊबंद!

इथपर्यंत सगळं निरुपद्रवी आहे. पण बी गटाच्या मांजराच्या रक्तात, वयाच्या पहिल्या काही महिन्यांतच, ए विरुद्ध जोरदार प्रतिपिंडं तयार होतात. ए रक्ताशी कधी गाठ पडलेली नसतानाही! अशा मांजराला ए गटाचं थोडंसं रक्त दिलं, तरी जीव जाऊ शकतो. उलट बाजूला, ए गटाच्या मांजरांत बीविरुद्धची प्रतिपिंडं सहसा सौम्य असतात.

आता मांजरी बी आणि बोका ए असा जोडा घ्या. ए गटाची पिल्लं पोटात सुखरूप वाढतात, धडधाकट जन्मतात. मग ती चीक पितात. गाईच्या चिकाचा खरवस आपण आवडीनं खातो, तोच हा पहिला दाट चीक. त्यातून आईची प्रतिपिंडं पिल्लाला मिळतात, एरवी हेच त्याचं संरक्षण. इथे मात्र ती पिल्लाच्याच तांबड्या पेशी फोडतात. लघवी लालसर-तपकिरी होते, पिल्लू दूध सोडतं, कधी शेपटीचं टोक काळं पडून गळतं, पुष्कळदा पिल्लू दगावतं. माणसातला आरएचचा त्रास बहुधा दुसऱ्या बाळंतपणात दिसतो. मांजरीत पहिल्याच वेळी, कारण प्रतिपिंडं आधीपासून तयार असतात.

वैशेषिकांनी पुढे 'अभाव' हाही एक पदार्थ मानला. आमचे विद्यार्थी यावर हसायचे: जे नाही ते पदार्थ कसं? अभाव नेहमी कशाचा तरी असतो, घड्याचा, वस्त्राचा, हे नैयायिकांचं म्हणणं. बी गटाच्या मांजरीचं रक्त नेमकं तेच करतं: आपल्यात काय नाही, ते ओळखतं.

असं उदाहरण माणसातही आहे, आणि ते आपल्याच लोकलच्या वाटेवर सापडलं. परळच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातले डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 1952 साली 'लॅन्सेट'मध्ये एक नवा रक्तगट मांडला. आज जग त्याला बॉम्बे रक्तगट म्हणतं. ए आणि बीच्या खुणा ज्या पायावर उभ्या राहतात, तो 'एच' पदार्थच या लोकांत नसतो. साध्या तपासणीत ते ओ गटाचे वाटतात. पण ओ रक्तात एच भरपूर, म्हणून ते दिलं तर घात होतो. ए किंवा बीचं जनुक त्यांच्यात असलं, तरी पाया नसल्यानं दिसत नाही. पुढच्या पिढीत मात्र प्रकट होऊ शकतं.

म्हणून रक्त देण्याआधी रुग्णाचं आणि दात्याचं रक्त एकमेकांशी जुळवून पाहतात. मांजराच्या बाबतीतही हे सोडू नका. "घरचीच दुसरी मांजर आहे, तिचं घ्या" एवढं पुरत नाही.

विद्यार्थ्याला आम्ही सांगितलं, आधी मांजरीचा रक्तगट पशुवैद्याकडून तपासून घे. ती बी निघाली आणि बोका कोण ते ठाऊक नसलं, तर पुढच्या वेळी पिल्लं जन्मताच वेगळी कर. साधारण चोवीस तास त्यांना मांजराच्या पिल्लांसाठीचं दूध पाज, किंवा ए गटाच्या दुसऱ्या बाळंत मांजरीकडे ठेव. एवढ्या वेळात आतड्यातून प्रतिपिंडं शोषण्याची वाट बंद होते.

"आणि मग, सर?"

मग आईकडे परत. तेच दूध, खुशाल पिऊ दे.