हाड जुळले, पण आजी उठल्या का?

न्हाणीघरातील ओल्या फरशीवरून पाय घसरला, एवढेच निमित्त झाले. माझ्या नेहमीच्या पेशंटांपैकी एक 74 वर्षांच्या आजी पहाटे पडल्या. "मुका मार आहे डॉक्टर, धरून धरून उभी राहते," असे मुलाने येऊन सांगितले. दवाखान्यात गर्दी होती. मी आजींना न पाहताच दुखणे थांबण्याच्या गोळ्या लिहून दिल्या.

चौथ्या दिवशी घरी बोलावणे आले. आजींना पाऊल टेकवत नव्हते. पाय आखूड दिसत होता व पंजा बाहेरच्या बाजूस कलंडला होता. खुब्याचे हाड मोडले होते. सुरुवातीस नुसती चीर असावी, ती नंतर सरकली. चूक माझी होती, म्हणून आज हे लिहितो आहे.

साठी उलटलेले माणूस पडले आणि जांघेत किंवा खुब्यात दुखते म्हणाले, तर ते चालत असले तरी एक्स-रे काढून घ्या. एक्स-रेत काही दिसले नाही, पण दुखणे राहिले, तर पुन्हा दाखवा. तेल लावून चोळणे, पाय ओढणे हे प्रकार करू नयेत.

पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "आता या वयात ऑपरेशन कशाला?" माझे उत्तर असे की, म्हाताऱ्या माणसाला मोडलेल्या हाडापेक्षा अंथरुणाचा धोका अधिक. पडून राहिल्याने पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, लघवीत जंतू होतात, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होते. म्हणून प्रकृतीची तपासणी करून शक्यतो दोन दिवसांच्या आत ऑपरेशन करावे. हाड कोठे मोडले यावरून सळई व स्क्रू बसवायचे की सांध्याचा गोळा बदलायचा, हे हाडांचे डॉक्टर ठरवतात. बहुतेकांना दुसऱ्याच दिवशी आधार देऊन उभे करता येते. नुसते वय झाले म्हणून ऑपरेशन टाळू नये.

आमच्या आजींचे ऑपरेशन चांगले झाले. दोन महिन्यांनी एक्स-रेही छान आला. घरचे खूश होते. पण घरी गेलो तर आजी सुकलेल्या, जीभ कोरडी. उशाशी पाण्याचा तांब्या सकाळपासून तसाच भरलेला. कारण विचारले तर म्हणाल्या, "पाणी प्यायलं की रात्री उठावं लागतं. सुनेची झोपमोड किती करायची?"

खरे दुखणे येथे आहे. खुबा मोडलेल्यांपैकी बरेच जण पूर्वीसारखे चालू शकत नाहीत, हे जगभरचे अनुभव सांगतात. आपल्याकडे तर उकिडवे बसणे, मांडी घालून जेवणे, जमिनीवरून उठणे यांवर सारा दिवस चालतो. ते थांबले की माणूस परावलंबी होतो. परत पडण्याची भीती बसते, माणूस हिंडत नाही, न हिंडल्याने पायातील ताकद आणखी जाते.

आजींसाठी फार खर्च केला नाही. खाटेजवळ कमोडची खुर्ची ठेवली, रात्री छोटा दिवा चालू ठेवला, न्हाणीघरात भिंतीला धरायला दांडा बसवला. वॉकर घेऊन दिवसातून तीन-चार वेळा चालणे आणि शिकवलेले व्यायाम सुरू केले. जेवणात दूध, डाळी, उसळी वाढवल्या. मोडलेले एक हाड सांधले तरी बाकीची हाडे ठिसूळच असतात. त्यासाठी औषधे आहेत, ती डॉक्टरांना विचारून घ्यावीत. झोपेच्या व रक्तदाबाच्या गोळ्यांनी उठताना चक्कर येते का, मोतीबिंदू वाढला आहे का, हेही पाहावे.

आजी आता स्वतः उठतात. देवळापर्यंत जाणे मात्र कायमचे सुटले. ओट्यावर खुर्ची टाकून भाजी निवडतात, येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करतात आणि पाणी पोटभर पितात.

मीही एक सवय लावून घेतली आहे. अशा पेशंटच्या घरी गेलो की एक्स-रे नंतर मागतो. आधी विचारतो, "आजी, रात्री एकट्या उठता का?" वाचकांनीही आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना हे एकदा विचारून पाहावे.